टोमॅटोला टॉनिक मारून झाड हिरवंगार झालं पण माल लागेना? आधी एवढं तपासा

खाली लिहिलंय त्यातलं काही तुमच्या प्लॉटमध्ये दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर पुढची फवारणी थांबवा, पंप बाजूला ठेवा आणि मग वाचा.

- झाड उंच चाललंय, दोन पेऱ्यांतलं अंतर वाढलंय, शेंडा लुसलुशीत आणि पानं फिकट पोपटी
- याच्या उलट, झाड खुजं, पानं गडद हिरवी, जाड, कडक आणि शेंडा जागेवरच थांबलेला
- फुलं भरपूर पण देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळतात, झाड हलवलं तरी खाली सडा
- फळ धरतं पण गोटीएवढं होऊन थांबतं, किंवा बाहेरून बरं दिसतं आणि कापलं की आत पोकळ, बी नाही
- फळाला खालच्या बाजूला चोच
- नवी पानं अरुंद, शेपूसारखी, पानांचे देठ खाली पिळवटलेले
- फवारणीनंतर आठ-दहा दिवस प्लॉट चकाचक आणि मग एकदम बसलेला

मी जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात प्लॉट बघत फिरतो. आमच्याकडे उन्हाळी टोमॅटो फेब्रुवारी-मार्चला लागतो, ऐन फुलोऱ्यात एप्रिलचं ऊन येतं, फुलगळ सुरू होते आणि दुकानातून एक बाटली येते. तिने नाही थांबलं की दुसरी, मग त्या दोन्हीत मिसळून तिसरी. चौथ्या फवारणीनंतर मला फोन येतो, "दादा, प्लॉट नुसता काळाभोर झालाय पण सेटिंगच नाही", म्हणजे फुलाचं फळ धरत नाही. संगमनेर-अकोले भागातून, नाशिकला दिंडोरी-गिरणाऱ्याकडून पण हेच फोन. नव्वद टक्के वेळा दोष खालच्या सात-आठ जागांपैकी एका जागी सापडतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

टॉनिकच्या बाटलीतलं संजीवक नेमकं करतं काय

हे कळलं की अर्ध्या बाटल्या विकत घ्यायची गरजच पडत नाही. झाडाचं अन्न पानात तयार होतं. ऊन, पाणी आणि पानांच्या बारीक छिद्रांतून आत जाणारा कार्बन डायऑक्साईड, यातून साखर बनते आणि ती साखर फळाकडे, शेंड्याकडे, मुळीकडे वाटली जाते. संजीवक स्वतः अन्न नाही आणि खतही नाही. ते फक्त हुकूम देतं, की साखर कुठे जाऊदे, पेशी किती लांब होऊदे, फूल राहूदे की गळूदे.

जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड पेशी लांबवतं. पान मोठं होतं पण त्यातलं हरितद्रव्य तेवढंच राहतं, म्हणून ते फिकट दिसतं आणि पान मोठं झालं म्हणून अन्न त्या हिशोबात वाढेलच असं नाही. क्लोरमेक्वाट (आपल्या बोलण्यातलं लिहोसिन) आणि पॅक्लोब्युट्राझोल उलटं काम करतात, झाडाचं स्वतःचं जीए बनणं अडवतात, मग पान लहान, जाड, गडद होतं. रंग बघून वाटतं झाड जोरात आहे, पण एकूण पानांचा पसारा कमी झाला की उन्हाखाली येणारा भागच कमी होतो. सायटोकायनिन, म्हणजे सिक्स बीए वगैरे, पान म्हातारं व्हायला उशीर करतं, हरितद्रव्य टिकवतं, पण पान निरोगी असेल तरच त्या टिकण्याला अर्थ. एनएएसारखं ऑक्झिन फुलाच्या देठाची गाठ सुटू देत नाही आणि कोवळ्या फळाकडे साखरेची ओढ वाढवतं.

यातली एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. फळांची ओढ चांगली असेल तर पान जास्त काम करतं, आणि फळंच नसतील तर साखर पानात साचते आणि पान स्वतःहून काम कमी करतं. त्यामुळे योग्य वेळी, योग्य मापात दिलेल्या संजीवकाने उत्पादन वाढतं हे खरंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण पानं कमी, पाणी कमी, मुळी खराब असताना जास्तीची फळं धरून ठेवायला लावली तर ती वाढणार कशावर? गोटीएवढं राहून थांबणारं फळ बहुतेक वेळा हेच सांगत असतं.

१. वही आणि बाटल्या (खर्च शून्य)

गेल्या महिन्याभरात जे जे मारलं त्या सगळ्या बाटल्या एका ओळीत मांडा आणि पुढचं नाव सोडून मागचं बारीक छापलेलं वाचा, घटक काय आणि किती टक्के. मोठ्या अक्षरातलं नाव आणि फुलाचा फोटो बघून काही कळत नाही. कितीदा तरी असं निघतं की फुटव्याचं वेगळं, फुलाचं वेगळं आणि साईजचं वेगळं म्हणून आणलेल्या तिन्ही बाटल्यांत जीएच आहे.

टक्केवारी तर बघाच. जीए बाजारात ०.००१ टक्के लिक्विडमध्ये मिळतं आणि ४० टक्क्यांच्या गोळीत किंवा दाण्यातही मिळतं, दोन्हीत ४०,००० पटीचा फरक. ४० टक्केवाल्याचा १ ग्रॅम ४० लिटर पाण्यात टाकला की १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग) झाला. ०.००१ टक्केवाली बाटली तर न मिसळता अख्खी ओतली तरी १० पीपीएमच. "पंपाला एवढं टाक" हा तोंडी सल्ला एका प्रॉडक्टचा घेऊन दुसऱ्याला लावला की काय होईल ते यावरून बघा.

एनएए ४.५ टक्के, म्हणजे आपलं प्लॅनोफिक्स, साडेचार लिटरला १ मिली म्हणजे १० पीपीएम. १५ लिटरच्या पंपाला जेमतेम सव्वातीन मिली. लोक झाकणाने मोजतात, १० मिली जातं आणि ते ३० पीपीएम होतं. ऑक्झिन जास्त झालं की झाड इथिलीन नावाचा वायू बनवायला लागतं आणि इथिलीन फुलं गाळतं, म्हणजे फुलगळ थांबवायला मारलं आणि त्यानेच फुलगळ वाढली. सफरचंदात हेच एनएए जादा फळं गाळायला वापरतात, इतका माप आणि वेळेचा फरक आहे. २० रुपयांची सिरिंज आणा, झाकण वापरू नका.

बाटलीवर घटकच लिहिलेला नसेल, नुसतं "१०० टक्के नैसर्गिक, सर्व पिकांसाठी" असं असेल तर ती परत मारायची नाही. जीए, एनएए ही नोंदणीकृत संजीवकं १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि समुद्रशेवाळ, ह्युमिक वगैरे बायोस्टिम्युलंट २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आणलेत. दोन्हीतलं काहीच छापलेलं नसेल तर आत काय आहे याची जबाबदारी कुणावरच नाही.

जीए जास्त झालं म्हणून त्यावर लिहोसिन मारायचा सल्ला मिळेल. ऐकू नका. लिहोसिन झाडाचं स्वतःचं जीए बनणं अडवतं, बाहेरून गेलेलं जीए ते काढून घेत नाही, म्हणून झाडाला दोन्हीचा त्रास. आठ-दहा दिवस नुसतं पाणी आणि हलकं पालाश द्या, नव्या शेंड्याची पेरं जवळ यायला लागली की समजा उतरलं.

२. प्लॉटभर चक्कर मारा

बांधावरून बघून चालत नाही, प्रत्येक चौथ्या-पाचव्या सरीतून आत जा. सगळ्या झाडांना, एकाच उंचीवर, एकाच वेळेला दोष आला असेल तर तो फवारणीचा किंवा हवामानाचा. एका बाजूने जास्त आणि आत कमी होत गेला असेल तर शेजारून उडून आलेलं काहीतरी, शेजारी ऊस किंवा मका आहे का आणि तिथे टू-फोर-डी हे तणनाशक मारलंय का ते विचारा. आणि इथे एक, तिथे दोन, मध्येच चांगलं झाड, असं विखुरलेलं असेल तर व्हायरसची शंका आधी घ्यायची.

हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे, कारण टू-फोर-डीने वाकडं झालेलं पान आणि कुकुंबर मोझॅक व्हायरसने दोरीसारखं झालेलं पान लांबून सारखंच दिसतं. टू-फोर-डीत शिरा जवळजवळ समांतर आणि ठसठशीत होतात, देठ पिळवटतो, आणि झाड वाचलं तर पुढची पानं हळूहळू सरळ येतात. व्हायरसमध्ये नवीन पान आणखीच वाईट येतं. पांढऱ्या माशीने पसरणारा लीफ कर्ल व्हायरस असेल तर पानं बारीक, कडा पिवळ्या आणि वर वळलेल्या, झाड खुंटलेलं. व्हायरसवर कुठलंही टॉनिक चालत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्याकडे फळं रंग धरेनात, लोक त्याला "तिरंगा" म्हणत होते, त्याही वेळी बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत कुकुंबर मोझॅक निघाला होता. आणि तोवर शेतकऱ्यांनी त्यावर किती टॉनिकं मारली होती ते आठवलं तरी वाईट वाटतं.

खालची पानं नुसती वर गुंडाळून नळीसारखी झालीत, रंग चांगला आहे, शेंडा चांगला आहे, तर घाबरू नका. ऊन आणि जास्त छाटणीने तसं होतं.

३. फूल आणि फळ हातात घ्या

सकाळी दहाच्या सुमाराला, दव उडाल्यावर, पूर्ण उमललेलं फूल मोबाईलच्या काळ्या स्क्रीनवर धरा आणि मागून बोटाने टिचक्या मारा. बारीक पिवळी पूड पडली तर परागकण सुटतायत. चार-पाच झाडांवर करून काहीच पडलं नाही तर पराग एकतर बनला नाही किंवा सुटत नाही. मग फुलाची पिवळी नळी जवळून बघा. तिच्या टोकातून हिरवट काडी बाहेर डोकावतेय का? ती डोकावत असेल तर उन्हाचा मार आहे, स्त्रीकेसर नळीबाहेर गेलं की स्वतःच्याच फुलाचा पराग त्याला मिळत नाही.

मग ब्लेड घेऊन लिंबाएवढी चार फळं आडवी कापा. कप्पे बियांनी आणि गराने भरलेले असतील तर परागीभवन ठीक आहे, साईज न होण्याचं कारण पान-पाणी-खतात शोधा. कप्पे रिकामे, बी नाही किंवा अगदी तुरळक, आणि खाली चोच, तर ते फळ परागाने धरलेलंच नाही, संजीवकाने धरून ठेवलंय. असा माल हाताला हलका लागतो, वीस किलोच्या क्रेटला संख्या जास्त जाते आणि व्यापारी दाबून बघून बाजूला काढतो.

४. तापमान

टोमॅटोला रात्री १५ ते २० अंश असलं की सेटिंग सगळ्यात चांगलं. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर पराग खराब होतो. जास्त नाजूक काळ फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधीचा असतो, म्हणजे आज गळणारं फूल गेल्या आठवड्यातल्या उन्हाने खराब झालेलं असतं. आज मारलेली फवारणी त्या परागाला परत जिवंत करणार नाही. त्यात रात्र गरम असली की दिवसभर बनवलेली साखर झाड श्वासातच जाळतं.

साधा तापमापक सावलीत, झाडाच्या उंचीला टांगा, कमाल-किमान दोन्ही दाखवणारा घ्या, मोबाईलमधलं तापमान गावाचं असतं, तुमच्या मल्चिंगवरचं नसतं. उष्णतेचा दोष निघाला तर पाणी कमी-कमी पण दोनदा द्या, सकाळी तारा हलवा म्हणजे पराग सुटेल, बगलफूट काढणं थांबवा म्हणजे फळावर सावली राहील. दाट शेडनेट टाकायच्या आधी विचार करा, ऊन जास्त कापलं तर अन्नही कापलं जातं. अशा वेळी एनएए शिफारशीच्या मापात उपयोगी पडतं, पण ते थोडी फुलं धरून ठेवण्यापुरतंच.

५. पानं किती आहेत?

खालून पानं काढायचा आपल्याकडे फार उत्साह आहे. तारकाठीच्या उंच वाढणाऱ्या जातीत दोन घोसांच्या मध्ये साधारण तीन पानं असतात आणि घोसाला अन्न मुख्यतः त्याच्या जवळच्या पानांकडूनच येतं. ती पानं करप्याने गेली असतील, नागअळीने पोखरली असतील किंवा कामगारांनी हवा खेळायला म्हणून ओरबाडली असतील तर तो घोस उपाशी आहे. ज्या घोसाची फळं रंगायला लागलीत त्याच्या खालची पानं काढा, वरच्यांना हात लावू नका.

खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. हरितद्रव्याच्या कणात मधोमध मॅग्नेशियमच असतं, ते नसेल तर सायटोकायनिन कितीही मारा, टिकवायला हरितद्रव्य पाहिजे ना. लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट संध्याकाळी मारा, टॉनिकच्या मानाने चिल्लर खर्च आहे.

६. पाणी आणि मुळी

दुपारी दोनला प्लॉटमध्ये जा. झाडं मान टाकतायत आणि संध्याकाळी उठतायत, असं रोज होत असेल तर त्या सगळ्या वेळात पानांची छिद्रं बंद आहेत. मुळीला ताण पडला की अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड नावाचं झाडाचंच संजीवक छिद्रं बंद करायला लावतं, कार्बन डायऑक्साईड आत जात नाही, अन्न बनणं थांबतं. तुमच्या बाटलीपेक्षा झाडाचा हा आतला हुकूम जास्त चालतो, म्हणून ताणातल्या झाडावर संजीवक मारू नका, पैसे जातील आणि फुलंही जातील.

बेडच्या कडेला हाताने वीतभर उकरा. माती मुठीत धरून गोळा होतो का बघा. पांढऱ्या बारीक मुळ्या दिसल्या पाहिजेत. तपकिरी, सालीतून सुटणाऱ्या दिसल्या तर पाणी जास्त आहे किंवा मूळकूज आहे, गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. ड्रिपच्या लाईनच्या शेवटच्या टोकाला ग्लास धरून किती पाणी पडतं तेही बघा, कितीतरी प्लॉटमध्ये अर्ध्या सरींना टॉनिकची नाही, पाण्याची कमतरता असते.

७. नत्र

संकरित टोमॅटोला हेक्टरी ३०० किलो नत्र आणि १५०-१५० स्फुरद-पालाश अशी शिफारस आहे आणि ते नत्र हप्त्यांत द्यायचं असतं. कोंबडखत भरपूर, त्यावर युरिया, त्यावर ड्रिपमधून १९:१९:१९, आणि टॉनिकमध्ये अमिनो, असं सगळं झालं तर खोड अंगठ्याएवढं, शेंडा वळलेला आणि घोसाच्या टोकातून पान फुटलेलं दिसतं. हे दिसलं की नत्र थांबवा, नुसत्या पालाशाच्या ०:०:५० खतावर या. हे झाड जीएने आणखी बिघडतं.

८. पंप आणि पाणी

तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवायचा, यात तडजोड नाही. टू-फोर-डीचे अंश नळीत, वॉशरमध्ये, गाळणीत राहतात आणि टोमॅटो त्याला फार नाजूक आहे. पिकवायचं इथेफॉन मारलेला पंपही तसाच धोक्याचा, त्यातून इथिलीन सुटतं. शंका असेल तर पंपात साधं पाणी भरून दिवसभर ठेवा, ते पाणी नर्सरीतल्या उरलेल्या पाच-सहा रोपांवर मारा आणि शेजारी पाच-सहा रोपं तशीच ठेवा. तीन-चार दिवसांत मारलेली रोपं पिळवटली तर दोष सापडला. पंप अमोनियाच्या पाण्याने, लिटरला १० मिली, रात्रभर भरून ठेवून दोनदा धुवा आणि वॉशर-नळी बदला. नाहीतर सरळ नवीन पंप घ्या, एका तोड्यापेक्षा स्वस्त पडतो.

बोअरचं पाणी जड आणि क्षारयुक्त असेल तर पीएच पट्टीने तपासा. अल्कधर्मी पाण्यात जीए टिकत नाही, पीएच साडेसहाच्या आसपास आणून लगेच फवारा, मिसळून दुपारभर ठेवू नका. आणि काहीही नवीन मारायचं तर दोन सरी न मारता सोडा. त्या दोन सरी नसतील तर औषधाने फरक पडला की हवामानाने, हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

वरचं सगळं करून दहा दिवसांत नवीन शेंडा सुधारला नाही तर स्वतःच्या अंदाजाने काही मारायचं नाही. खालच्या गोष्टींत तर दहा दिवसही थांबू नका: शेंडे काळे पडून मरतायत, खोडावर चट्टे आहेत, विखुरलेली झाडं रोज वाढतायत, किंवा प्लॉट खुजा आहे आणि आधीच्या पिकाला किंवा बागेला पॅक्लोब्युट्राझोल दिलं होतं. ते जमिनीत बराच काळ राहतं. त्यावर जीए देऊन उतारा होतो, पण किती आणि केव्हा हे प्लॉट बघितलेल्या तज्ज्ञानेच ठरवायचं.

जवळचं कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र किंवा तालुका कृषी अधिकारी, यांना प्लॉटवर बोलवा. तोवर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारता येतं. व्हायरस आणि औषधाचा अंश या दोन गोष्टी डोळ्याने नक्की होत नाहीत, लॅबच लागते. नमुना घेताना पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, नुकताच दोष दिसायला लागलेलं झाड मुळासकट आणि एक चांगलं झाड, दोन्ही वेगवेगळ्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा, प्लास्टिकमध्ये घाम सुटून सडतं. सोबत फवारणीच्या तारखा, मापं, लागवडीची तारीख, माती आणि पाण्याचा रिपोर्ट असेल तर तो. औषधाची शंका असेल तर उरलेली बाटली बंद करून बॅच नंबरसकट ठेवा, पक्कं बिल जोडा आणि झाडं उपटायच्या आधी लेखी तक्रार करून पंचनामा करून घ्या, उपटल्यावर कुणीही काही सिद्ध करू शकत नाही.